लोखंडी कामावर स्प्रेचा रंग : गुळगुळीत आणि टिकाऊ कसा येईल?

ग्रिल, दरवाजे, कपाटे, हातगाड्या बनविणारे आपले अनेक कारागीर बांधव वेल्डिंगचे काम पक्के करतात. पण गिऱ्हाईक आधी पाहते तो रंग. एका पावसाळ्यात पोपडे निघाले की चांगल्या कामाचेही नाव खराब होते आणि पुन्हा घासून रंगवण्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो. रंग भारी असूनही असे का होते? बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, त्याच्या खालच्या तयारीचा असतो.

पृष्ठभागाची तयारी

नवा पत्रा स्वच्छ दिसतो, पण त्यावर तेलाचा थर असतो. तो घासण्याआधीच काढावा, नाहीतर कागदाने तेल सगळीकडे पसरते. एका फडक्याने थिनर लावावे आणि ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. कोपऱ्यात पाण्याचे थेंब टाकून पाहावे. पाणी पसरले तर तेल गेले, थेंब गोळा होऊन राहिले तर अजून पुसायला हवे. हे पाणी लगेच कोरडे करावे.

अँगल, पट्टी यांवरची काळी पापडी आणि गंज वायर ब्रशने व घासकागदाने काढावा. वेल्डिंगचा स्लॅग व छर्रे छिन्नीने उडवावेत. पापडी तशीच ठेवली तर पुढे ती सुटते आणि रंगही सोबत नेते. साफ केलेल्या लोखंडावर त्याच दिवशी प्रायमर मारावा, कारण दमट हवेत एका रात्रीतही गंज धरतो.

लोखंडासाठी रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेट प्रायमर चालतो. जस्ताच्या पत्र्यावर मात्र साधा ऑइल पेंट थेट मारू नये. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन काही काळाने रंग सालीसारखा सुटतो. तेथे आधी एच प्रायमर लावावा. खड्डे लांबीने भरून, वॉटर पेपरने घासून, पूर्ण सुकवून त्या जागी पुन्हा प्रायमर द्यावा.

गन कशी चालवावी

रंग गाळूनच भरावा. थिनर डब्यावर लिहिलेलेच वापरावे. सुकलेल्या ऑइल पेंटवर एनसी रंग मारल्यास खालचा थर सुरकुततो, हे लक्षात ठेवावे. साध्या कपाच्या गनला साधारण 40 ते 50 पौंड दाब पुरतो.

गन कामापासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, सरळ काटकोनात धरावी. मनगट न वळवता पूर्ण हात सरकवावा. कडेच्या आधी हात चालू करून मग घोडा दाबावा आणि कड ओलांडल्यावर सोडावा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला हात हलका द्यावा, तो चिकटसर झाला की दुसरा ओला व सारखा द्यावा. एका जाड थरापेक्षा दोन-तीन पातळ हात केव्हाही चांगले.

दोष आणि कारणे

ओघळ आले तर गन फार जवळ आहे, हात संथ आहे किंवा थिनर जास्त झाले आहे. संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग दिसला तर रंग घट्ट आहे किंवा दाब कमी आहे. खरखरीत लागला तर गन लांब आहे, रंग हवेतच सुकत आहे. बारीक खळगे पडले तर तेल किंवा कॉम्प्रेसरचे पाणी कारण असते, म्हणून टाकीतील पाणी रोज सोडावे. एनसी रंग पांढरट पडला तर हवेतील ओल कारणीभूत असते. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असताना काम थांबवणेच शहाणपणाचे.

जीव सांभाळा

तोंडाला रुमाल बांधल्याने थिनरची वाफ अडत नाही. वाफेसाठीचा कार्ट्रिज असलेला मास्क घ्यावा. हार्डनर मिसळायच्या पीयू रंगात आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तशा कामाला साधी सोय पुरत नाही, शुद्ध हवा पुरवणारा मास्क व हवा खेचणारा पंखा लागतो. बंद खोलीत रंग मारू नये. जवळ विडी, वेल्डिंग, ग्राइंडर चालू नसावा. शिकाऊ मुलांनाही हीच साधने द्यावीत. जुना रंग कोरडा घासू नये, त्यात शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाची 90 पीपीएम ही मर्यादा आपल्या देशात 2017 पासूनच लागू झाली.

व्यवहार चोख ठेवा

दर सांगताना प्रायमरचे किती हात, रंगाचे किती हात, हे बिलावर लिहून द्यावे. दोन हातांचे पैसे घेऊन एकच मारला, तर गिऱ्हाइकाला त्या दिवशी कळणार नाही, पण पहिला पावसाळा ते उघडे करील. तयारीला लागणारा वेळ दरात धरूनच भाव करावा. असा भाव थोडा चढा वाटला तरी पुढचे काम तोच आणून देतो.