दारावर नाव लाव

श्टुटगार्ट,
८ सप्टेंबर २०२५

चि. मृण्मयी हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला होता. भाजणी दळून आली आहे, खोकं मिळालं आहे, आता फक्त तुझा पत्ता हवा, असं म्हणत होती. बोलता बोलता तिने असंही सांगितलं, की आखेनमध्ये तू एका मुलीची खोली चार महिन्यांसाठी घेतली आहेस आणि दारावर अजून त्या मुलीचंच नाव आहे. ते ऐकल्यावर मला झोप लागली नाही. फोनवर सांगितलेलं राहून जातं, म्हणून लिहून पाठवते आहे.

मी इथे आले त्या वर्षी, १९९८ साली, अशीच दुसऱ्याच्या खोलीत राहत होते. तुझ्या आजीने दिवाळीचं पार्सल पाठवलं. तेव्हा आपल्याकडे खोकं पांढऱ्या मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठिपके देऊन पाठवायची पद्धत होती. आजीने ते स्वतः बसून शिवलं होतं. पोस्टमन आला, त्याने बेलवरची नावं वाचली, माझं नाव त्यात नव्हतं, आणि पार्सल परत गेलं. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. पुण्याला ते पोचलं एप्रिलमध्ये. चकल्या खवट झाल्या होत्या, पण आजीने तो डबा कितीतरी दिवस फडताळात तसाच ठेवला होता, हे मला दादाने पुढे सांगितलं. तिने स्वतः कधी विषय काढला नाही. त्या डब्याची आठवण मला आजही सहन होत नाही, आणि तुझ्या आईच्या वाट्याला ते येऊ नये एवढीच माझी धडपड आहे.

आपल्याकडे पोस्टमन चार दुकानांत विचारून का होईना, माणसाला गाठतो. 'मारुतीच्या देवळासमोर, दुसरा मजला' एवढ्यावर पत्रं पोचतात. इथे बहुतेक इमारतींत घरांना क्रमांकच नसतो. रस्ता, घर क्रमांक, मग पाच आकडी कोड आणि गाव. त्यापुढे जे काही आहे ते सगळं बेलवरच्या आणि पत्रपेटीवरच्या आडनावावर चालतं. म्हणून आज घरमालकाला विचार, आणि पाटी होईपर्यंत कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून चिकटव. शिवाय पत्त्यात तुझ्या नावाखाली 'सी/ओ' लिहून त्या मुलीचं आडनाव घालायला सांग. आपण पूर्वी 'द्वारा अमुक' लिहायचो ना, तेच. नाव पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण लिहायचं. घरी तुला मनू म्हणतात हे पोस्टाला ठाऊक नाही, आणि पार्सल सोडवायला गेलीस की ओळखपत्र मागतात.

तुझ्या रस्त्याच्या नावात ते इंग्रजी 'बी'सारखं दिसणारं जर्मन अक्षर आहे. आपल्याकडच्या काउंटरवर ते हमखास 'बी' म्हणून टाइप होतं. त्याऐवजी दोन 'एस' लिहायचे, आणि डोक्यावर दोन टिंबं असलेल्या स्वराच्या जागी तो स्वर व पुढे 'ई'. हे जर्मनांनाही चालतं. पत्ता आईला तोंडी सांगू नकोस. मोठ्या अक्षरांत छापून त्याचा फोटो पाठव, खोक्यावर तोच चिकटवू दे. आणि प्रेषकाच्या पत्त्यात पिनकोड विसरायचा नाही. आपला सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्यातलेच, संस्कृतचे मोठे कवी. पत्ता ही काळजीने लिहिण्याची गोष्ट आहे हे मला त्यांच्याकडे पाहून फार पटतं.

आता खोक्यावरच्या त्या कागदाबद्दल. सीएन २३ नावाचा तो फॉर्म असतो, लहान पाकिटासाठी सीएन २२. आत काय आहे, किती आहे, वजन किती, किंमत किती, हे सगळं त्यावर लिहायचं. जगभर तो एकाच नमुन्याचा आहे, कारण १८७४ साली बर्न इथे वेगवेगळ्या देशांच्या टपालाचा एक संघ स्थापन झाला. त्यामागे हाइनरिश फॉन श्टेफान हा जर्मन टपालप्रमुख होता. भारत १८७६ मध्ये त्यात आला. म्हणजे पुण्याच्या काउंटरवर तुझी आई जे लिहील, तेच फ्रँकफुर्टला उतरल्यावर इथला कस्टमचा माणूस वाचणार. आता तर खोकं विमानात चढण्याआधीच ती माहिती संगणकातून युरोपात पोचावी लागते. तिने घाईत 'फूड आयटम्स, गिफ्ट' एवढंच लिहिलं, की वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि खोकं बाजूला ठेवलं जातं. चकली असेल तर 'तांदूळ-डाळीच्या पिठाचा तळलेला पदार्थ, शाकाहारी', चिवडा असेल तर 'पोहे, शेंगदाणे, मसाला', असं इंग्रजीत, एकेका ओळीत, वजनासकट लिहावं. ही यादी तू इथून करून दे. तिला ते लिहिणं अवघड जाईल, तुला जाणार नाही.

किंमत खरी लिहायची. या एका गोष्टीवर मी कुणाचंच ऐकत नाही. इथल्या आपल्या मंडळींत 'शून्य लिही', 'दहा रुपये लिही' असे सल्ले फार मिळतात. पाच किलोच्या खोक्यावर दहा रुपये वाचून कोण विश्वास ठेवेल? मग अधिकारी स्वतःच्या अंदाजाने किंमत धरतो, किंवा तुझ्याकडे पावत्या मागतो. खरं लिहिण्यात तुझं नुकसानही नाही. एका खाजगी माणसाने दुसऱ्याला कधीमधी पाठवलेली, पैसे न घेता दिलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त आहे. म्हणजे साधारण साडेचार हजार रुपयांचं सामान. घरच्या फराळाची किंमत तेवढी होतही नाही. त्यावर गेली तर ७०० युरोपर्यंतच्या भेटीला सरसकट साडेसतरा टक्के कर असतो, तोही माणसाला भरता येतो. मात्र बाबांनी एखाद्या दुकानाच्या साइटवरून मागवून तुला थेट पाठवलं, तर ती भेट धरत नाहीत, खरेदी धरतात. तिथे २०२१ च्या जुलैपासून पहिल्या युरोपासून कर लागतो. तेव्हा दुकानाला मधे घालायचं नाही. वस्तू घरी येऊ द्यायची, मग घरून पाठवायची.

तुझी पुस्तकं, वापरातले कपडे, स्वयंपाकाची भांडी राहिली आहेत असं ऐकलं. शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या अशा सामानाला वेगळी सूट आहे. ते फराळाच्या खोक्यात कोंबू नका, निराळं पाठवा, आणि विद्यापीठाचं प्रमाणपत्र हाताशी ठेव.

काय घालायचं नाही, ते आईला तू सांग, माझं नाव पुढे कर. दुधाचे पदार्थ नाहीत. युरोपबाहेरून खाजगी पार्सलात दूध आणि मांस आणायला बंदी आहे, तेव्हा पेढे, खवा, तूप काहीच नाही. तूप तू इथे कढव. इथलं लोणी इतकं चांगलं आहे की बेरीसुद्धा घरच्यासारखी निघते, आणि बेसन, रवा कुठल्याही आशियाई दुकानात मिळतो. लाडू माझ्याकडे येऊन कर, आपण दोघी वळू. ताजा कढीपत्ता, आंबे, आवळे नाहीत, त्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. पूजेच्या पुडीतला कापूर काढून ठेवायचा. तो पेट घेणारा पदार्थ आहे, विमानाच्या टपालात चालत नाही. अत्तर, सुटी बॅटरी, पॉवर बँक यांचंही तेच. लोणचं काचेच्या बरणीत नको. तेल झिरपलं की खालचं सगळं जातं, तुझे दिवाळी अंकसुद्धा. मेतकूट, उटणं, रांगोळी बिननावाच्या पुड्यांत घालू नये. पांढरी-पिवळी पूड पाहून कुणालाही शंका येणारच, तेव्हा प्रत्येक पिशवीवर इंग्रजीत नाव हवं.

हे नियम देशागणिक बदलतात, हेही आईच्या कानावर घाल. तिला दुबईच्या रोहितदादालाही खोकं पाठवायचं आहे. अनारशांना खसखस लावू नकोस म्हणावं. जर्मनीत खसखशीचे केक बेकरीत मांडलेले असतात, पण अमिरातीत आणि सिंगापुरात तिच्यावर बंदी आहे.

आणि औषधं. मृण्मयी, इथे जरा थांबून वाच. मला रक्तदाब आहे हे तुला माहीत आहे. सुरुवातीची काही वर्षं मी गोळ्या पुण्याहून मागवत असे, कारण त्याच सवयीच्या होत्या आणि इथल्या डॉक्टरकडे जर्मनमध्ये बोलायची भीती वाटायची. एकदा पार्सल अडलं. पत्र आलं, की युरोपबाहेरून टपालाने औषध मागवायला खाजगी माणसाला मनाई आहे. स्वतः येताना तीन महिन्यांपुरतं आणता येतं, पोस्टाने नाही. मी 'आज येतील, उद्या येतील' करत तीन आठवडे गोळीशिवाय काढले आणि शेवटी चक्कर येऊन जिन्यात पडले. नियम चुकीचा नव्हता. मीच डॉक्टर शोधायचं टाळत होते. तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या आईने खोक्यात ठेवल्या आहेत, मला ठाऊक आहे. त्या काढायला सांग. तुझा विमा आहे. या आठवड्यात घराजवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदव, रिपोर्ट घेऊन जा. आयुर्वेदिक काढे, भस्मंसुद्धा नकोत.

खोकं निघालं की आईकडून क्रमांक घे. स्पीड पोस्टचा असेल तर पुढे 'ई'ने सुरू होणारी दोन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. तोच क्रमांक इथल्या पोस्टाच्या साइटवरही चालतो. मुंबई सोडल्यावर काही दिवस तो हलणार नाही, तेव्हा आईला रोज विचारून घाबरवू नकोस. 'पार्सल अडलंय, दोन-तीन युरो भरा' असा एसएमएस लिंकसकट आला तर ती लिंक उघडू नकोस. फसवणूक असते. खरा कर सहसा पार्सल देणाऱ्याच्या हातात किंवा कस्टमच्या खिडकीवर भरायचा असतो.

कस्टमच्या ऑफिसातून पत्र आलं, तर त्यावरची मुदत पाहून लगेच जायचं. ती उलटली की खोकं परत फिरतं. पासपोर्ट ने, तू केलेल्या यादीची प्रत ने. तिथे खोकं तुझ्यासमोर ठेवतात आणि कात्री किंवा सुरी तुझ्या हाताशी देतात. उघडायचं तूच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खोक्यावर तुझ्या आजीची शिवण होती. ती कापवेना म्हणून मी टाका टाका उसवत बसले, आणि समोरचा अधिकारी एक शब्द न बोलता थांबला. गोडा मसाल्याचा वास सगळ्या खोलीत पसरला. त्याने विचारलं काय आहे, मी दगडफुलापासून सगळं सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि जा म्हणाला. तो माणूस तुझा शत्रू नाही. विचारेल ते शांतपणे सांग, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण.

तू घरी नसताना पार्सल आलं, तर बहुतेक वेळा शेजाऱ्याकडे ठेवतात आणि पत्रपेटीत तशी चिठ्ठी टाकतात. त्याच संध्याकाळी जाऊन आण. आणि तुझ्याकडे कुणाचं पार्सल ठेवायला आलं तर नाही म्हणू नकोस. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची आणि माझी ओळख अशीच झाली. त्यांच्या घरी माझं खोकं दोन दिवस होतं, मी वाटीभर चिवडा नेऊन दिला, आणि पुढे त्या गेल्या तोवर बावीस वर्षं आम्ही एकमेकींच्या घरी जात-येत होतो. परदेशात ओळखी अशा कारणानेच होतात, त्या कारणाची लाज धरू नये.

एक मात्र कर. चकल्या मोडून आल्या असतील, शंकरपाळ्यांचा चुरा झाला असेल, तर आईला तसंच सांग. 'छान पोचलं' म्हणून खोटं बोललीस तर पुढच्या वर्षीही ती तशाच पातळ पिशवीत भरेल. चुरा झाला हे तिला कळलं तर ती डबा बदलेल. तिला खरं ऐकायचं असतं, आणि ते ऐकायला ती समर्थ आहे.

दिवाळी २० ऑक्टोबरला आहे. खोकं याच आठवड्यात निघायला हवं, म्हणजे दिवस पुरतील. मी आईला थांबायला सांगितलं आहे. तुझा निरोप आला की मगच ती पोस्टात जाईल. तेव्हा हे वाचून झालं की खाली जा, बेलवर आणि पत्रपेटीवर तुझं नाव लाव, आणि दोन्हींचा फोटो मला आजच पाठव.

तुझी,
मावशी