सरवा आणि शिधा

वाचनभाग : लेवीय १९:९-१०; रूथ २; प्रेषितांची कृत्ये ६:१-७

मुख्य विचार : गरजवंताने वाट्याचे धान्य मागण्यात लाज नाही, त्याला लाजवायचे नाही, हे देणाऱ्याचे काम आहे.

आपल्या मंडळीत कोणी उपाशी नाही, असे आपण सहज म्हणतो. परंतु कर्त्या माणसाची नोकरी सुटली किंवा तो अंथरुणाला खिळला, म्हणजे महिनाअखेर घरातले डबे रिकामे होतात. असे कुटुंब बहुधा तोंड उघडत नाही. ते रविवारी नीटनेटके होऊन उपासनेला येते आणि आपल्याला काही कळतही नाही. हा पाठ त्या घरासाठी आहे, तसाच त्याच्या शेजाऱ्यांसाठीही आहे.

१. शेतातील सरवा. शेताच्या कडा कापू नयेत व खाली पडलेली कणसे गोळा करू नयेत, असे नियमशास्त्र सांगते. ते धान्य गरिबाचे व उपऱ्याचे होते. मालकाची ती मेहेरबानी नव्हती. रूथ विधवा होती व परदेशीही होती. तिने सरवा वेचू देण्याची विनंती केली, संध्याकाळपर्यंत वेचले आणि एफाभर सातू घरी नेले. बवाजाने आपल्या गड्यांना दोन गोष्टी बजावल्या : तिला लाजवू नका, आणि पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे तिच्यासाठी टाका.

२. यरुशलेमेतील वाटणी. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा रोजच्या वाटणीत वगळल्या जात होत्या. तेव्हा कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही; त्यांनी सात विश्वासू माणसे निवडवून घेतली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. दुसऱ्या गावाहून किंवा दुसऱ्या भाषेतून आलेले घर आपल्या वाटणीत सुटते का, हे आपणही पाहावे.

३. आजचा सरवा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना धान्याचा हक्क दिला आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. शिधापत्रिकेवर घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री कुटुंबप्रमुख असते; विधवा भगिनींनी हे ध्यानात ठेवावे. पत्रिका आधारशी जोडलेली असल्यास परराज्यातही धान्य उचलता येते. लातूरहून हैदराबादला कामासाठी गेलेल्या कुटुंबाने गावची पत्रिका पेटीत ठेवून उपाशी राहू नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता आणि सहा वर्षांखालील मुले यांची नावे अंगणवाडीत घालावीत. दुकानदाराने धान्य नाकारल्यास भांडू नये. पुरवठा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. तेथेही दाद न लागल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे.

४. मंडळीचे काम. पत्रिका मिळायला वेळ लागतो. भूक तितके थांबत नाही. म्हणून मंडळीत धान्याची एक कोठी असावी. घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ किंवा डाळ बाजूला काढावी, आणि हंगामाच्या सणाला आलेल्या धान्यातील काही भाग लिलावात न काढता कोठीत घालावा. वाटप दोन विश्वासू व्यक्तींकडे सोपवावे. त्यांत एक भगिनी असावी. घेणाऱ्यांची नावे वेदीवरून वाचू नयेत, छायाचित्रे काढू नयेत. धान्य घरी पोचवावे आणि त्याच भेटीत, पत्रिका नसल्यास, अर्ज भरून द्यावा. लिहितावाचता येणाऱ्या तरुणांना ही सेवा सहज करता येईल.

वर्गासाठी प्रश्न

१. सरवा गरिबाचा, असे म्हटल्याने देणाऱ्याच्या मनात काय बदलते?
२. रूथने मागितले नसते तर नामीचे काय झाले असते?
३. आपल्या मंडळीत शिधापत्रिका नसलेली घरे कोणती? (नावे वर्गात घेऊ नयेत, शिक्षकांनी ती पाळकांना खाजगीत कळवावीत.)

पुढील रविवारी प्रत्येक मुलाने घरून एक मूठ धान्य आणावे. कोठीची सुरुवात त्यानेच करावी.