बेथेल : जालन्याजवळील एक ख्रिस्ती खेडे

हैदराबादेतील आम्हा मराठी मंडळींना जालना आज दूरचे वाटते. पण १९४८ पर्यंत ते निजामाच्याच राज्यात होते. शहर कुंडलिकेच्या काठी आहे. कुंडलिका दुधनेला, दुधना पूर्णेला व पूर्णा गोदावरीला मिळते. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा.

रेव्ह. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे जालन्यास त्यांनी मुख्यत्वे मांग समाजात सुवार्ताकार्य केले. गावकुसाबाहेरच्या भूमिहीन माणसाने बाप्तिस्मा घेतला, तरी त्याची भाकर गावाच्याच हाती राही. अशांच्या वस्तीसाठी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी शेषाद्रींना जमीन दिली, व बेथेल वसले.

घर सोडून निघालेला याकोब उशाला धोंडा घेऊन जेथे निजला, त्या जागेस त्याने बेथेल, म्हणजे देवाचे घर, म्हटले (उत्पत्ति २८). ज्यांना देवळाची पायरी चढण्यास मज्जाव, त्यांच्या वस्तीला हे नाव मिळाले!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी नकाशावर जालना दाखवून वर्गास विचारावे : आपल्या मंडळीत नवा आलेला गरीब विश्वासी कोठे राहतो? काय खातो? हे आपणांस ठाऊक नसेल, तर आपले स्वागत अजून अपुरे आहे.