आधी एक नकाशा करा, मग ऑप्शन फॉर्म भरा

सीईटीचा निकाल लागला की कॅप राउंड संपेपर्यंत माझ्याकडे एकाच प्रकारचे फोन येतात. "मॅडम, एआय-डेटा सायन्स मिळतंय, पण कॉलेज अगदी नवीन आहे. घेऊन टाकू का?" किंवा, "जुन्या, चांगल्या कॉलेजात सिव्हिल मिळतंय, पण सिव्हिलला आता काही राहिलं नाही म्हणतात." कोण म्हणतं, असं मी विचारते. सगळेच म्हणतात, हे उत्तर ठरलेलं. मुलाला काय वाटतं, असं विचारलं की पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग येतं, "त्याला काय कळतंय?"

यंदा स्पष्टच लिहायचं ठरवलं आहे. शाखेच्या नावात एआय आहे म्हणून जिथे मिळेल तिथे प्रवेश घेणं मला साफ चुकीचं वाटतं. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. मागणी कुठे आहे हे संस्थाचालकांना माहीत असल्याने वाढीव जागा कॉम्प्युटरकडे वळल्या. जागा एका आदेशाने वाढतात, शिकवणारी माणसं तशी वाढत नाहीत. त्यामुळे फी भरण्याआधी त्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि कोण आहेत, एवढं तरी प्रत्यक्ष जाऊन विचारा. ज्याला गणित आवडतं, जो आपण होऊन तासन्‌तास प्रोग्रॅम लिहीत बसतो, त्याने कॉम्प्युटर जरूर घ्यावं. बाकीच्यांनी का घ्यावं, याचं पटणारं उत्तर मला अजून कुणा पालकाने दिलेलं नाही.

मेडिकल, सीए, कायदा, स्पर्धा परीक्षा यांबद्दल पुरवण्यांमधून भरपूर छापून येतं, त्यात मी भर घालत नाही. ज्यांची ओढ भूगोलाकडे, मातीकडे, नद्या-डोंगरांकडे आहे आणि ज्यांना घरात कुणी विचारत नाही, अशा मुलांबद्दल मला लिहायचं आहे. अकोले तालुक्यातली एक मुलगी आईवडिलांबरोबर भेटायला आली होती. बारावी सायन्स, मार्क चांगले. गावातल्या कोणत्या विहिरीला फेब्रुवारीतही पाणी असतं आणि कोणती दिवाळीनंतर लगेच आटते, हे ती ओढ्यांच्या नावांसकट सांगत होती. वडिलांना तिच्यासाठी एआयएमएल हवं होतं. "भूगोल घेऊन करणार काय? शाळेत शिकवणार?" शाळेत शिकवण्यात काही कमीपणा नाही, हे मी त्यांना आधी सांगितलं. मग सांगितलं, की तुमच्या मुलीला जे सहज दिसतं, ते नेमकेपणाने मांडता येणारी माणसं आज हवी आहेत आणि त्याला पगार मिळतो.

या कामाचं नाव भौगोलिक माहिती प्रणाली. सगळे जीआयएसच म्हणतात. जागेशी जोडलेली माहिती थरावर थर ठेवून मांडायची आणि त्या थरांना प्रश्न विचारायचे. उदाहरण घ्या. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. दोन्ही वेळा लोकांच्या मनात पुढचा प्रश्न एकच होता : अशा उतारांखाली आणखी किती वाड्या आहेत? उत्तर शोधायचं तर उंचीच्या आकड्यांवरून उतार काढावा लागतो. त्यावर मातीची जाडी, खडकाचा प्रकार, पावसाच्या नोंदी, ओढ्यांच्या वाटा, झाडी गेलेल्या जागा आणि शेवटी घरं ठेवावी लागतात. ज्याला डोंगर समजतो आणि कॉम्प्युटरही हाताळता येतो, त्याचंच हे काम. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालासाठी सगळा घाट साधारण नऊ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागला आणि चौकटीगणिक पर्यावरणीय संवेदनशीलता ठरवली, तीही याच पद्धतीने. त्या अहवालावर एवढे वाद झाले, पण तो तयार करायला कोणती कौशल्यं लागली याची चर्चा घराघरांत कधी झाली नाही.

पालकांचा पुढचा प्रश्न खर्चाचा असतो आणि तो रास्त आहे. नकाशाच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे परवाने महाग असतात. पण या क्षेत्रातली उत्तम साधनं आज कुणालाही एक रुपया न देता, पूर्णपणे कायदेशीर मार्गाने मिळतात. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये लिनक्सवर नकाशे पाहता यावेत एवढ्याच गरजेपोटी एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्याचंच पुढे क्यूजीआयएस झालं. २००९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि आज जगभरातले लोक त्यात भर घालतात. त्याच्या आतूनच ग्रास हे दुसरं सॉफ्टवेअर वापरता येतं. हे ग्रास १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९९९ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं आहे. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र काढायला त्याच्याइतकं भक्कम साधन शोधून मिळणार नाही. नाना प्रकारच्या फायली वाचण्या-लिहिण्याचं काम पडद्यामागून जीडीएएल करतं, मोठा डेटाबेस लागला तर पोस्टजीआयएस आहे. या प्रकल्पांना आधार देणारी ओएसजिओ ही संस्था २००६ पासून काम करते आहे.

पैसे वाचतात हा यातला लहान फायदा. मोठा फायदा असा, की या सॉफ्टवेअरचा कोड उघडा आहे. उतार काढण्याचं सूत्र आत कसं लिहिलं आहे, हे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी वाचू शकतो. चूक सापडली तर नोंदवू शकतो. पायथनमध्ये स्वतःचं प्लगइन लिहून जगासाठी ठेवू शकतो. गावातल्या मुलाला कुणाच्या ओळखीशिवाय आपलं काम जगासमोर ठेवता येईल अशा जागा फार थोड्या आहेत, त्यांतली ही एक. याच्या उलट, काही कॉलेजांत आणि क्लासमध्ये महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत घालून शिकवलं जातं. तिथे मुलाला पाठवू नका. चोरीच्या प्रतीवर केलेला प्रकल्प तो कुठल्याही कार्यालयात ताठ मानेने दाखवू शकणार नाही.

आता माझं म्हणणं. प्रवेशाचा निर्णय घेण्याआधी मुलाला हे काम करून बघू द्या. क्यूजीआयएसच्या अधिकृत संकेतस्थळावरून एलटीआर, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती उतरवून घ्या. आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन मॅप्स पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीट मिळतात. आपल्या गावाची घ्या. मग मोबाइलचं जीपीएस चालू करून गावातली प्रत्येक विहीर, हापसा, पाझर तलाव गाठायचा. अक्षांश-रेखांश, पाण्याची खोली, पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, हे वहीत लिहायचं. लोकांना विचारायचं. घरी येऊन तक्ता करायचा आणि तो नकाशावर आणायचा.

खरं शिकणं इथून सुरू होतं. विहिरीभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे घेरा, काढायला जावं, तर अख्खी पृथ्वी झाकणारं वर्तुळ येतं, कारण माहिती अंशांत आहे आणि सॉफ्टवेअरने ५०० अंश धरले. मग प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची रीत, मुळातून समजून घ्यावं लागतं. नेहमीच्या वापरातल्या यूटीएम प्रक्षेपणाच्या दोन पट्ट्यांची हद्द ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे. ती आपल्या राज्यातूनच जाते, म्हणून पुणे, नाशिक, अमरावती ४३ व्या पट्ट्यात येतात आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या. पुण्यात शिकलेला मुलगा चंद्रपूरचं काम जुन्याच सवयीने ४३ व्या पट्ट्यात करतो आणि त्याच्या मापांत फरक पडतो. मित्राला शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती ठेवण्याचा नेहमीचा प्रकार, पाठवली तर त्याच्याकडे उघडत नाही, कारण ती एक फाइल नसते, एकाच नावाच्या तीन-चार फायलींचा संच असतो. गावांची नावं मराठीत भरली तर भलतीच अक्षरं दिसतात, कारण तक्ता जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. रकान्याचं नाव मराठीत दिलं तर तेही तुटतं. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइटांची जागा असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. असं अडखळत मुलगा सगळं एकाच फायलीत ठेवणाऱ्या जिओपॅकेजपर्यंत पोहोचतो आणि तो का पोहोचला, हे त्याला कायमचं कळतं.

या अडचणी सोडवताना ज्याला जेवायची शुद्ध राहत नाही, त्याला हे क्षेत्र मानवेल. ज्याला दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला, त्याने खुशाल सोडून द्यावं. चार वर्षं आणि काही लाख रुपये घालवण्याआधी कळलं, हे बरंच झालं. मदत लागली तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे धडे आहेत आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. एवढं हाताशी असताना केवळ प्रमाणपत्रासाठी महागडा क्लास लावू नका.

या क्षेत्राची कडू बाजूही सांगायला हवी. सुरुवातीच्या अनेक नोकऱ्या डिजिटायझेशनच्या असतात : उपग्रह चित्रावरून रस्ते आणि इमारती दिवसभर गिरवायच्या. पगार कमी, आणि हे गिरवणं आता झपाट्याने यंत्राकडे जातं आहे. फक्त बटणं शिकलेला मुलगा तिथेच अडकतो. म्हणून बारावीनंतर लगेच निव्वळ जीआयएसच्या पदवीमागे लागू नका. आधी एक विषय पक्का करा : भूगोल, भूशास्त्र, सिव्हिल, कृषी, वनशास्त्र, नाहीतर कॉम्प्युटर. पदवीच्या काळात क्यूजीआयएस आणि पायथन सोबत चालू ठेवा. मग पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुण्यातलीच सिम्बायोसिसची जिओइन्फर्मॅटिक्स संस्था, आयआयटी मुंबईचं सीएसआरई केंद्र असे रस्ते आहेत. गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. ज्याला प्रोग्रॅमिंग आवडतं, त्याने पोस्टजीआयएस आणि वेबवरचे नकाशे यांत खोल उतरावं.

काम आहे का? आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्यांना आणि संस्थांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. २४ एप्रिल २०२० ला सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून लोकांना मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. नागपूरचं दूरसंवेदन केंद्र एमआरसॅक, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, महापालिका, वीज आणि पाण्याचं जाळं सांभाळणाऱ्या कंपन्या, पाणलोटात काम करणाऱ्या ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) यांसारख्या संस्था, या सगळ्यांना नकाशे लागतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मागणाऱ्या आणि मिळालेलं जंगल सांभाळणाऱ्या प्रत्येक ग्रामसभेला आपल्या हद्दीचा नीट नकाशा हवा असतो. तो करून देणारं माणूस गावातलंच असेल, तर बाहेरच्या कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

पालकांनो, तुमची भीती मला समजते. कर्ज काढून शिकवायचं आहे आणि शेजारच्या मुलाचं पॅकेज रोज कानावर येतं आहे. पण तुमची भीती मुलाच्या अंगावर घालू नका. तुम्हाला माहीत नसलेला विषय म्हणजे वाया गेलेला विषय, हे गणित आधी सोडा. मनाविरुद्ध घेतलेल्या शाखेत मुलं नापास होतात, वर्षं घालवतात, आणि घरात तोंड उघडत नाहीत. अशी मुलं माझ्याकडे तिसऱ्या वर्षाला येतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना बारावीलाच नेमकं काय हवं होतं ते माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुलींच्या वडिलांना आणखी एक सांगायचं आहे. "उन्हातान्हात शिवारं तुडवायचं काम मुलीला कसं करू देऊ?" हे मी सारखं ऐकते. गावातल्या पाण्याची सगळ्यात नेमकी माहिती बायकांकडे असते, कारण हंडे त्याच भरतात. सर्वेक्षणाला मुलगी गेली तर त्या तिला घरात बोलावून सगळं सांगतात, आणि तो नकाशा अधिक खरा होतो. काळजी वाटत असेल तर पहिल्या दिवशी तुम्ही तिच्याबरोबर चला, पण तिला फिल्डवर जाऊ द्या.