हिमोग्लोबिन : जनुकांचे वेळापत्रक आणि सिकलसेल आजार

मानवी शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताच्या आणि मेंदूच्या पेशींचे कार्य भिन्न असते. कोणत्या ऊतीत, कोणत्या वेळी, कोणते जनुक कार्यान्वित होते यावर हा भेद अवलंबून असतो. जनुकातील माहितीनुसार आरएनए व त्यापासून बहुधा प्रथिन तयार होणे, यास जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. विकासकाळात ती कशी बदलते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिमोग्लोबिन होय.

ऊतींनुसार बदल

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात : दोन अल्फा गटाच्या व दोन बीटा गटाच्या. अल्फा गटाची जनुके १६ व्या, तर बीटा गटाची ११ व्या गुणसूत्रावर आढळतात. बीटा गटातील जनुके ज्या क्रमाने मांडलेली असतात, त्याच क्रमाने ती कार्यान्वित होतात. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पीतक कोशातील रक्तपेशींत एप्सिलॉन साखळी तयार होते. पुढे रक्तनिर्मिती यकृतात होऊ लागते आणि गॅमा साखळीयुक्त गर्भीय हिमोग्लोबिन प्रमुख ठरते. ते प्रौढ हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन अधिक घट्ट धरून ठेवते. त्यामुळे मातेच्या रक्तातील ऑक्सिजन वारेतून गर्भाला मिळणे सुलभ होते. जन्माच्या सुमारास रक्तनिर्मितीचे मुख्य कार्य अस्थिमज्जेकडे आलेले असते व गॅमाची जागा बीटा साखळी घेऊ लागते. गॅमा जनुक मात्र नष्ट होत नाही. बीसीएल११ए या नियंत्रक प्रथिनामुळे ते दबलेले राहते.

आजार व उपचार

सिकलसेल आजारात बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. नवजात बालकात गर्भीय हिमोग्लोबिन विपुल असल्याने लक्षणे सहसा दिसत नाहीत. सुमारे सहा महिन्यांनंतर ती प्रकट होऊ लागतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. २००८ मध्ये बीसीएल११ए ची भूमिका स्पष्ट झाली, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने क्रिस्पर तंत्रावर आधारित उपचारास मान्यता दिली. बीसीएल११ए अन्य ऊतींनाही आवश्यक असते. म्हणून या उपचारात रुग्णाच्या रक्तमूलपेशी शरीराबाहेर काढून, त्या जनुकाचा केवळ तांबड्या रक्तपेशींच्या निर्मितीत कार्य करणारा नियंत्रक भाग निकामी केला जातो.

भारतापुढील कार्य

भारतात हा आजार विशेषतः आदिवासी समाजांत आढळतो. मध्य प्रदेशातील शहडोल येथे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. सात कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. जनुक-संपादन अत्यंत खर्चिक असल्याने तपासणी, समुपदेशन आणि औषधांची उपलब्धता यांवरच भर देणे अपरिहार्य ठरते. गर्भीय हिमोग्लोबिनच्या संरक्षणाचे पहिले काही महिने ही निसर्गाने दिलेली सवलत आहे. बालक निरोगी दिसत असतानाच निदान झाले, तरच तिचा लाभ घेता येईल.