उपेक्षित कलाकृती आणि बदलते निकष : 'द रेनकोट्स'

प्रास्ताविक

कलाकृतीचे मूल्य आणि तिला लाभणारी लोकप्रियता यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. साहित्याप्रमाणे संगीतातही याचा प्रत्यय येतो. लंडनच्या 'द रेनकोट्स' या संगीतसमूहाच्या आधारे हा मुद्दा समजून घेऊ.

विवेचन

इंग्लंडमधील पंक संगीताने वादनातील प्रावीण्यापेक्षा अभिव्यक्तीच्या निकडीला महत्त्व दिले. त्यापाठोपाठ आलेल्या प्रयोगशील प्रवाहास 'पोस्ट-पंक' म्हणतात. याच वातावरणात, १९७७ साली, आना दा सिल्वा आणि जीना बर्च या कलाशाळेतील विद्यार्थिनींनी हा समूह स्थापन केला. १९७९ मध्ये 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तीत व्हायोलिनचा खरखरीत सूर आहे, लय मध्येच डगमगते, आवाज एकमेकांत मिसळतात. सफाई हाच निकष मानला, तर हे दोष ठरतात. परंतु स्त्रीच्या रोजच्या जगण्यातील अस्वस्थता हा आशय असेल, तर हीच अस्थिरता त्यास अनुरूप ठरते. मोजक्या रसिकांपलीकडे ही दृष्टी तेव्हा पोहोचली नाही. १९८४ मध्ये समूह विसर्जित झाला.

१९९२ साली 'निर्वाणा' या अमेरिकन समूहाचा गायक कर्ट कोबेन आपल्या झिजलेल्या प्रतीऐवजी नवी प्रत शोधत लंडनमधील रफ ट्रेडच्या दुकानात गेला. तेथून तो दा सिल्वा यांच्यापर्यंत पोहोचला. त्या तेव्हा जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करीत होत्या. पुढे १९९३ मध्ये त्याच्या टिपणासह ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली आणि नव्या पिढीत तिचा निष्ठावंत श्रोतृवर्ग तयार झाला.

येथे एक प्रश्न उद्भवतो : हे मूल्य कोबेनच्या कीर्तीने निर्माण केले काय? तसे म्हणता येणार नाही. प्रत झिजेपर्यंत तो ती ऐकत होता, तेव्हा तिला कोणाच्याही कीर्तीचे पाठबळ नव्हते. त्याच्या कीर्तीने कलाकृतीला पोहोच दिली. मूल्य तीत आधीपासूनच होते.

समारोप

उपेक्षा हा नेहमीच कलाकृतीच्या दर्जाचा निवाडा नसतो. कित्येकदा तो प्रचलित निकषांच्या मर्यादेचा पुरावा असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'दोष' आणि 'वैशिष्ट्य' यांतील भेद निकषांवर कसा अवलंबून असतो, ते स्पष्ट करा.
२. उशिरा मान्यता पावलेल्या एखाद्या मराठी साहित्यकृतीची या दृष्टीने चर्चा करा.