जरा सरकून बस

मुलुंड (पूर्व),
27 जुलै 2025

चि. सई,


काल वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलास आणि पाचव्या मिनिटाला लोकलमधल्या त्या चौथ्या सीटवालीवर घसरलीस. तीन जणींच्या बाकावर ती आलीच का, डोंबिवलीपासून जागा धरून बसलेल्या तुला “जरा सरका” कशी म्हणाली, आणि तू कशी तसूभरही हलली नाहीस! स्वतःच्या वाढदिवशी उपदेश कुठे करायचा, म्हणून मी नुसतीच हसले. आज तो दिवस उलटला आहे. तेव्हा आता ऐक.

वीस वर्षांपूर्वी कालच्याच तारखेला मला चाळीस पूर्ण झाली. तू चार वर्षांची होतीस. मंगळवार होता. पर्समध्ये ऑफिसात वाटून उरलेले चार पेढे होते. दुपारी मरोळहून निघाले ती बस मिळेल या आशेवर. मग चालतच राहिले. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. मिठी नदी रस्त्यावर आली, लोकल जागच्या जागी थांबल्या, फोन लागेनात. साकीनाक्याला दरड कोसळून घरंच्या घरं गाडली गेली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

अनोळखी बायकांचे हात घट्ट धरून, पुढचा माणूस काठीने चाचपेल तिथेच पाय टाकत असल्फ्यापर्यंत आले तेव्हा काळोख पडला होता. टेकडीच्या पायऱ्यांवर एक बाई मेणबत्ती धरून उभी होती. “ताई, वर या. खाली पाणी वाढतंय.” दहा बाय दहाची खोली, आत आधीच सात-आठ माणसं. तिने पोरांना पोटमाळ्यावर चढवलं, म्हाताऱ्या सासूला भिंतीकडे सरकवलं आणि आम्हा तिघींना जागा केली. दूध संपलेलं, म्हणून कोरा चहा. आलं ठेचून, साखर जरा जास्तच. स्टीलचा पेला दोन्ही हातांत धरला तेव्हा कुठे बोटांत जीव आला. पेढ्यांचा एव्हाना ओला गोळा झाला होता. पेढे कसले म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. तिने उठून फळीवरचा कुंकवाचा करंडा काढला, माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि त्या गोळ्याचे मोजून बारा तुकडे केले.

महिन्याभराने साडी आणि खण घेऊन मी तिचं घर शोधायला गेले. पायऱ्या सगळ्या सारख्या, दारं सगळी सारखी. घर सापडलं नाही. नाव तर मी विचारलंच नव्हतं, आणि तिनेही माझं विचारलं नव्हतं. खण अजून कपाटात आहे.

8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. मला अर्धा दिवस लागला ती वाट तू रोज काही मिनिटांत, एसीत बसून पार करतेस. असल्फ्याची ती रंगवलेली घरं खिडकीतून दिसतात, तू त्यांचे फोटोही पाठवतेस. मी प्रत्येक फोटोत एक दार शोधते.

त्या रात्रीने मला एवढंच शिकवलं, की मोठ्या मनाच्या माणसाकडे जागा जास्त असते असं काही नाही. त्याला सरकायची सवय असते, बस. आणि ही सवय पुराच्या रात्री अंगात येत नाही. ती रोज सकाळी आठ-दहाच्या लोकलमध्ये, भाजीच्या रांगेत, लिफ्टच्या दारात लागते.

एक मात्र नीट समजून घे. सरकणं म्हणजे अंग चोरून जगणं नव्हे. बायकांना जन्मभर “तूच जरा समजून घे” असं सांगितलं जातं, ते मी तुला सांगणार नाही. जो कोपराने ढकलतो त्याला इंचभरही देऊ नकोस. जी विचारते, तिला दे. एवढा फरक तुला कळतो.

आणि सुखाचं म्हणशील, तर तेही चौथ्या सीटवरच बसतं गं. नोकरी, घर आणि मोबाइल हे तिघे ऐसपैस बसलेले असतात. सुख आपलं कडेला उभं राहून हळूच “जरा सरका” म्हणतं. परवा स्टेशनबाहेर रानभाज्या घेऊन बसलेल्या आदिवासी मावशींकडे टाकळा घेत होते. तेवढ्यात सर आली. त्या बाजूला सरकल्या आणि मला आपल्या प्लॅस्टिकखाली बसवलं. वीस मिनिटं आम्ही दोघी पाऊस बघत बसलो. टाकळा कोवळा कसा ओळखायचा, लसूण केव्हा घालायचा, सगळं त्यांनी शिकवलं. उठताना जुडीवर मूठभर भाजी आणखी टाकली. घरी यायला उशीर झाला, कुकर उशिरा लागला. काही अडलं का? साठ वर्षांचा हिशेब मांडला, तर अशी वीस-वीस मिनिटंच हाताला लागतात. बढतीची तारीख मला आठवतसुद्धा नाही.

रविवारी जेवायला ये. टाकळ्याची भाजी आणि तांदळाची भाकरी करते. तुझ्या आईलाही आण.

तुझी,
मावशी

ता. क. उद्या ती चौथी सीटवाली दिसली, तर “कुठे उतरणार?” एवढं विचार. माझ्या लोकलच्या ग्रुपमधल्या सगळ्या मैत्रिणी मला याच प्रश्नावर मिळाल्या. आणि तिचं नाव विचारायला विसरू नकोस.